वजनकाट्याला पांढरी शेवंती

टोरोंटोजवळच्या हॅमिल्टनच्या त्या रस्त्यावर दुकानाच्या अगदी दारात पार्किंग मिळालं, तेव्हाच मला कळलं की संपलं. शनिवारी सकाळी लामशेठच्या दुकानासमोर जागा मिळणं ही माझ्या लहानपणी न घडणारी गोष्ट होती. बाबा आईला आणि मला दारात उतरवून गाडीच्या चकरा मारत राहायचे आणि आम्ही पिशव्या घेऊन बाहेर आलो की भर रस्त्यात थांबून डिकी उघडायचे. मागचे हॉर्न वाजवायचे. आई म्हणायची, वाजवू देत, त्यांनाही कोथिंबीरच हवी आहे.

या वेळी कोणी हॉर्न वाजवला नाही. मी गाडी लावली आणि मागच्या सीटवरचं बुटांचं खोकं उचललं. खोक्यात ओल्या कागदी टॉवेलखाली पांढऱ्या शेवंतीचा हार होता, मी स्वतः केलेला आयुष्यातला पहिला. दोन हजार अठराचा ऑक्टोबर. दसरा गुरुवारी होऊन गेला होता, पण गुरुवारी ऑफिस असतं, म्हणून या देशात आमचे सगळे सण शनिवारी येतात. आणि रविवारी दुकान कायमचं बंद होणार होतं, त्यामुळे पुढचा शनिवार नव्हता.

दार ढकललं आणि तो वास आला. सुकवलेल्या कोळंबीचा खारट, ओल्या पुठ्ठ्याचा, मातीसकट आलेल्या आल्याचा, आणि मागच्या भिंतीवरच्या लाल देव्हाऱ्यातल्या उदबत्तीचा. मी मिसिसागाला विमानतळाजवळ मालवाहतुकीच्या ऑफिसात काम करते. कुठला कंटेनर कुठे अडकला, कुठल्या गोदामात उतरवायचा, हे दिवसभर बघते. गहिवरून यायला मला वेळ नसतो. पण नाकाला हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

आम्ही या गावात आलो ते बाबांच्या पोलाद कारखान्यातल्या नोकरीमुळे. त्या काळातला हा रस्ता मला आठवतो तो तपकिरी कागदाचा. एकापाठोपाठ एक दुकानं बंद पडली होती आणि काचांना आतून तपकिरी कागद चिकटवलेला असायचा. कारखान्याच्या धुराचा वास हिवाळ्यात खाली बसायचा, कपडे धुतले तरी जायचा नाही. आई मिरजेची. कोथिंबीर मिळेना म्हणून तिने इथे येऊन वर्षभर पोह्यांवर पार्सली घातली. पार्सली घातलेले पोहे मी खाल्ले आहेत, आणि त्याबद्दल मला अधिक काही सांगायचं नाही.

मग एका शरद ऋतूत बुटांच्या बंद दुकानाचा कागद निघाला. आत एक तरुण चिनी माणूस, त्याची बायको आणि त्याची आई फळ्या पुसत होती. बुटांच्या फळ्यांवर तांदळाच्या पिशव्या आणि सॉसच्या बाटल्या बसल्या. बूट घालून बघायची ठेंगणी स्टुलं त्यांनी काढली नाहीत, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना बसायला ठेवली. मध्यभागी छताच्या साखळीला गोल तबकडीचा वजनकाटा टांगला, त्याखाली पत्र्याचं पारडं. त्यांचं आडनाव लाम. दुकान चालवतो तो शेठ, मग तो मारवाडी असो की कँटनचा, असा आईचा मिरजेचा हिशेब. तेव्हापासून आमच्या घरात आणि हळूहळू गावातल्या सगळ्या मराठी घरांत ते लामशेठ झाले. त्यांची बायको लामबाई.

दुकान उघडायच्या आधीच आई काच ठोठावून आत गेली होती आणि हातवारे करून कोथिंबिरीची चौकशी करून आली होती. लामशेठनी सांगितलं, शनिवारी या. योगायोग असा की त्या शनिवारी दसरा होता. आईच्या दृष्टीने यापेक्षा चांगला मुहूर्त नव्हता. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा. बाबांची पाने-पक्कड ठेवायची पेटी आणि गाडी यांना हळदकुंकू लागायचं. दुकानदाराचं हत्यार म्हणजे वजनकाटा, तेव्हा त्याला हार हवा, हे तिने ठरवून टाकलं.

मागच्या अंगणात तिने मे महिन्यात झेंडू लावला होता, खास दसऱ्यासाठी. शुक्रवारी रात्री पहिलं हिम पडलं. सकाळी झेंडू उकडलेल्या पालेभाजीसारखा काळा होऊन लोळला होता. कुंपणाजवळची पांढरी शेवंती मात्र ताठ उभी होती. तिला थंडीचं काही वाटत नाही. आईने क्षणभर हळहळ केली आणि कात्री घेतली. पाटावर बसून तिने हार ओवला, दुपदरी, मधे मधे हिरवी पानं घालून. मी दहा-अकरा वर्षांची असेन. मला हार धरून गाडीत बसायचं काम होतं. मांडीवरून थंडगार, कडवट वास वर येत होता.

दुकानात गर्दी होती. दारावर लाल कागद, लाल कंदील, संत्र्यांच्या राशी. आई सरळ काट्यापाशी गेली, टाचा उंचावल्या आणि पांढराशुभ्र हार तबकडीभोवती घातला. वर कुंकवाचं बोटही लावलं.

लामशेठची आई किंचाळली. काय म्हणाली ते आम्हाला कळणं शक्यच नव्हतं. लामबाई हातातल्या मुळ्यांच्या जुडीसकट उभी राहिली, तोंडाचा रंग उडालेला. मग लामशेठ पुढे आले. दोन्ही हातांनी त्यांनी हार उतरवला, आईसमोर मान झुकवली, थँक यू म्हणाले आणि हार घेऊन मागच्या खोलीत गेले. कुंकू त्यांनी पुसलं नाही. घरी येईपर्यंत आई खुशीत होती. बाबांना म्हणाली, अहो, किती अगत्याने देवापुढे नेऊन ठेवला बघा.

त्या हिवाळ्यात आमच्या पोह्यांवर कोथिंबीर आली. बाहेर कमरेएवढं बर्फ, बाबा शोव्हल करून घामाघूम, आणि स्वयंपाकघरात हिरवा चुरचुरीत वास. हिरव्या मिरच्या, आलं, कच्ची केळी, नारळ. कारली आली ती फिकट आणि गुळगुळीत सुरकुत्यांची; आई त्यांना बिनकण्याची कारली म्हणायची आणि दर आठवड्याला घ्यायची. एका फळीवर सुकवलेली शेवंती चहाच्या पुड्यांत मिळायची. आईला त्याचं फार नवल वाटायचं. आपण फुलं माळतो, हे उकळून पितात.

पुढच्या वर्षी नवरात्र आलं तशी तिने लामबाईला विचारलं, यंदा हार कधी आणू? दोघींचं बोलणं इंग्रजीत, पण प्रत्येकीचं इंग्रजी वेगळं, आणि त्यात कुठेही काही अडत नसे. लामबाई जरा वेळ भाजी रचत राहिली.

"पांढरी फुलं आम्ही मेलेल्या माणसाला वाहतो," ती म्हणाली. "पांढरी शेवंती तर त्यासाठीच."

आई बुटांच्या स्टुलावर बसली. मग म्हणाली, "अहो, मग वर्षभर बोलला का नाहीत?"

"सासूबाईंनी बोलू दिलं नाही. पहिल्या दिवशी त्या रडल्या. म्हणाल्या, त्या बाईने दुकान मारलं. मग पहिल्याच महिन्यात माल पुरेना. तेव्हा म्हणाल्या, आता गप्प बस, तिला काही कळू देऊ नकोस. पुढच्या वर्षीही आणू दे."

आईने वर पाहिलं.

"फक्त रंगीत आणा," लामबाई म्हणाली.

त्यानंतर आईची सप्टेंबरची रीत ठरून गेली. झेंडू जमिनीत लावायचा नाही, कुंड्यांत लावायचा. रेडिओवर हिमाचा इशारा आला की संध्याकाळी सगळ्या कुंड्या उचलून बेसमेंटमध्ये न्यायच्या आणि सकाळी परत उन्हात. एक कुंडी ती उचलणार, एक मी, जिन्यात माती सांडणार, बाबा ओरडणार. रात्री बेसमेंटमधली घर तापवायची भट्टी सुरू झाली की तिच्या कोरड्या, तापल्या पत्र्याच्या वासात झेंडूचा वास मिसळायचा. आजही कुठे भट्टी सुरू झाली की मला तो दुसरा वास येतो, नसलेला. दसऱ्याच्या शनिवारी केशरी हार काट्यावर चढायचा, लामशेठची आई टाळ्या वाजवायची आणि लामबाई आईला हाक मारायची, "फ्लॉवर लेडी, आज रंग बरोबर आहे ना?" ही थट्टा चाळीस वर्षांत एकदाही जुनी झाली नाही.

रस्त्यावरचा तपकिरी कागद एकेक करून निघाला. लामशेठच्या चुलतभावाने बेकरी काढली. मग भांड्यांचं दुकान, मग न्हावी, मग प्रवासाची तिकिटं काढून देणारा, मग व्हिएतनामहून आलेल्या चिनी कुटुंबाची नूडल्सची खानावळ. कोपऱ्यावरचा इटालियन खाटीक दुकान विकायला निघाला होता. तो थांबला आणि बदकं टांगू लागला. उत्तरेकडच्या काळ्या मातीत नुसते कांदे आणि गाजरं काढणारा एक डच शेतकरी लामशेठच्या सांगण्यावरून चिनी कोबी लावू लागला, मग कोथिंबीर, आणि पुढे आईने बी दिलं म्हणून मेथीसुद्धा. कारखान्यातून माणसं कमी होत होती, बाबांच्या तोंडून संध्याकाळी रोज कोणाचं तरी नाव यायचं. पण या रस्त्यावर दिवे होते. बँकेने कँटनी बोलणारी मुलगी खिडकीत बसवली. बसमध्ये बायका म्हणायच्या की या लोकांनी रस्ता बळकावला. त्याच बायका पुढच्या स्टॉपवर उतरून आल्याची पिशवी घेऊन परत चढायच्या.

मी भूगोल त्या दुकानात शिकले. रिकाम्या खोक्यांवर बंदरांची नावं छापलेली असायची. हाँगकाँगहून व्हँकुव्हर, तिथून आगगाडीने टोरोंटो, तिथून लामशेठची व्हॅन. ते मला खोकं दाखवून विचारायचे, हे किती दिवस समुद्रात होतं? मी अंदाजाने सांगायची. ते मान हलवायचे आणि एक संत्रं द्यायचे, उत्तर चुकलं तरी. आज माझ्या टेबलावर तीच नावं पडद्यावर येतात. संत्रं कोणी देत नाही.

पुढे मिसिसागाला ते मोठे चिनी बाजार आले. आत शिरताच जिवंत माशांच्या काचेच्या टाक्या, बाहेर मैदानाएवढं पार्किंग, टोरोंटोच्या उत्तरेला असलेल्या वॉनच्या गोदामांतून रात्रंदिवस येणारा माल. ते चालवणारे नवे लोक मँडरिन बोलणारे, पैसा घेऊन आलेले; लामशेठसारखे दुसऱ्याच्या खानावळीत भांडी घासून दुकान काढलेले नव्हते. चिन्यांनी चिन्यांनाच खाल्लं, असं लोक म्हणतात. कारणांत मी शिरत नाही, त्यांचेच कागद मी रोज पुढे सरकवते. मराठी मंडळाच्या दिवाळीत एक गृहस्थ मला सांगत होते की या चिन्यांनी सगळं मार्केट वर नेलं, आपल्या मुलांनी घरं कशी घ्यायची? ते स्वतः नुकतंच आपलं घर एका चिनी कुटुंबाला मागितल्यापेक्षा जास्त भावाने विकून कंडोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, राहायला गेले होते. मी विचारलं, जास्तीचे परत केलेत का? ते चटणी आणायला उठले.

लामशेठची आई गेली. बाबा गेले. आई माझ्याकडे मिसिसागाला आली आणि माझ्या बेसमेंटमध्ये झेंडूच्या कुंड्या आल्या. मग लामशेठ गेले. तेव्हा आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणात होती, मी बाहेरगावी होते. अंत्यविधीला कोणालाच जाता आलं नाही. तिला ते फार लागलं. खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "एकदाच पांढरी न्यायची होती, तेव्हा नाही नेली."

या वर्षी मार्चमध्ये आई गेली. मी तिचा फोटो मोठा करून घेतला, चौकट करून घेतली आणि कपाटाच्या खणात ठेवला. भिंतीवर लावला की हार घालावा लागतो. आमच्यात जिवंत माणसाच्या फोटोला कोणी हार घालत नाही, म्हणजे हार घातला की झालं. येणारे-जाणारे विचारायचे, फोटो लावला नाही का? मी सांगायची, ड्रिल सापडत नाही.

सप्टेंबरात एका संध्याकाळी घरचा फोन वाजला. तो नंबर आता विक्रेत्यांशिवाय कोणी फिरवत नाही.

"फ्लॉवर लेडी आहे का?" लामबाई म्हणाली.

मी सांगितलं. मार्चमध्येच कळवायला हवं होतं असं तीही म्हणाली नाही, मीही नाही. पलीकडे भाजीचा ट्रक मागे घेतल्याचा बीप बीप आवाज येत राहिला. मग तिने तिची बातमी दिली. इमारत विकली गेली, वर फ्लॅट होणार, खाली कॉफीचं दुकान. तिची मुलगी व्हँकुव्हरला फार्मसिस्ट आहे, तिला हे नको आहे, आणि का हवं असावं? दसऱ्यानंतरच्या रविवारी बंद.

"तुझ्या आईला सांगायला फोन केला होता," ती म्हणाली. "आता तू आण. या वर्षी पांढरी."

मला हार करता येत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. ऑक्टोबरातलं थँक्सगिव्हिंग होऊन गेलं होतं. बागेच्या दुकानात जांभळ्या आणि तांबूस कुंड्या संपून पांढऱ्याच उरल्या होत्या. आईची जाड सुई तिच्या डब्यात होती, दोऱ्यासकट. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून येऊन मी ओट्यापाशी बसले. पहिली फुलं देठाशी फाटली. दुसऱ्या खेपेला दोरा कमी पडला. आई हे करताना कधी हाताकडे बघतसुद्धा नसे. बोटांना तो कडवट वास लागला आणि साबणाने गेला नाही. माझी मुलगी कॉलेजातून आली, फ्रिज उघडला, ओट्याकडे पाहिलं.

"मॉम, हू डाइड?"

"दुकान," मी म्हटलं. ती फ्रिज बंद करून वर गेली.

तर हे खोकं घेऊन मी आत शिरले. बुटांच्या फळ्या बऱ्याचशा रिकाम्या होत्या. जुन्या गिऱ्हाइकांची चार डोकी होती, उरलेल्या बाटल्या उगाच हातात घेऊन बघणारी. छताला लाल प्लॅस्टिकच्या दोरीचा गुंडा तसाच लोंबत होता. त्या दोरीने बांधलेली खोकी आमच्या घरात वर्षानुवर्षं होती. लामबाई काउंटरवर चष्मा लावून बसली होती. लहान झाली होती. मी खोकं पुढे ठेवलं. तिने झाकण काढलं, हार उचलून पाहिला.

"गाठी वाईट आहेत," ती म्हणाली.

"मला येत नाही."

"दिसतंय."

ती उठली. काट्यापाशी आम्ही दोघी गेलो. पूर्वी आईला टाचा उंचवाव्या लागायच्या, मला लागल्या नाहीत. मी हार घालणार इतक्यात तिने माझा हात धरला. जुड्यांची दोरी कापायची कात्री घेऊन तिने हार मधोमध कापला. दोन-तीन फुलं घरंगळून पत्र्याच्या पारड्यात पडली आणि तबकडीतला काटा हलला, इतका थोडा की हलला नाही असंही म्हणता आलं असतं. लाल रंग त्यांच्यात शुभाचा, त्या दोरीला तिने हात लावला नाही. काउंटरखालून साधी सुतळी काढून दोन्ही अर्ध्यांची टोकं तिने आवळून बांधली, माझ्या वाकड्या गाठींसकट. भाजीच्या जुड्या बांधण्यात आयुष्य गेलेली बोटं. गाठ कधी पडली ते दिसलंसुद्धा नाही.

एक अर्धा तिने काट्यावर चढवला. मागे सरकून पाहिला. तबकडीवर कोपऱ्यात एक फिकट डाग होता. ते कुंकूच होतं की गंज, मी जवळ जाऊन पाहिलं नाही.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली.

दुसरा अर्धा तिने परत बुटांच्या खोक्यात ठेवला आणि खोकं माझ्या हातात दिलं. "हा तिचा. कालपर्यंत मला माहीत होतं की मी रडणार नाही," ती म्हणाली, आणि आत जाऊन उदबत्ती लावू लागली. मी थोडी कोथिंबीर घेतली. तिने ती वजन न करताच पिशवीत घातली. काट्याला हार होता.

परतताना हायवेवर कंटेनरची रांग होती. बहुतेक वॉनच्या बाजूला चालले होते. सवयीने मी त्यांच्यावरचे नंबर वाचत राहिले.

ड्रिल बेसमेंटमध्ये नेहमीच्या जागी होतं. मी खणातून फोटो काढला, जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीत भोक पाडलं, स्क्रू बसवला, चौकट सरळ केली, सांडलेला चुना पुसला. मग खोक्यातून हार काढला. मी अंदाजाने केलेला होता, अर्धा असूनही फोटोला लांब झाला. दोन वेढे द्यावे लागले. सुतळी घट्ट होती, एकही फूल निसटलं नाही.

मुलगी खाली आली. भिंतीकडे पाहत पायरीवर उभी राहिली. मग टेबलाची खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.